खोली कोणी बंद करायची, काका?

काका, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात एक गोष्ट झाली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हॉलच्या मागच्या दारापाशी नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड रचून ठेवली होती. वंदना सुरू व्हायला अवकाश होता. तुमच्या फोटोसमोर काकू बसल्या होत्या आणि शेजारच्या बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तेवढ्यात शाळांमधल्या सफाईवाल्या बाया आल्या. पाच-सहा जणी, वेगवेगळ्या पाऱ्यांमधल्या, म्हणजे मोहल्ल्यांमधल्या, एकमेकींना धड ओळखतही नसतील. त्या फोटोकडे गेल्याच नाहीत. सरळ मागच्या दाराशी गेल्या, खुर्च्या उचलून बाजूच्या भिंतीला लावल्या, कडी काढली, दार एकदा ढकलून पाहिलं आणि मग येऊन तुम्हाला फुलं वाहिली. मग रडल्या. विहाराचे सेक्रेटरी माझ्याकडे प्रश्नार्थक बघत राहिले. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की रडायचं राहूनच गेलं. दुःखाच्या घरी असा अभिमान वाटणं बरं दिसतं की नाही, तेही मला कळेना.

तुम्ही शाळेतले शिपाई. आपल्या छत्तीसगडात सरकारी कागदावर शिपायाला भृत्य म्हणतात. हा शब्द तुम्हाला भारी आवडायचा, नाटकातल्यासारखा वाटतो म्हणायचात. मी शाळांच्या इमारती बघणाऱ्या खात्यातली सब-इंजिनियर. खात्यानं माझ्या गळ्यात एक काम घातलं होतं. सरकारी शाळांतल्या भृत्य, चौकीदार आणि सफाई कर्मचाऱ्यांना इमारतीच्या सुरक्षेचं आणि बांधकामाच्या नियमांचं प्रशिक्षण द्यायचं. मला ते काम शिक्षाच वाटलं होतं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, आता सांगते.

पहिल्या दिवशी मी पडद्यावर नियम दाखवत होते. जिना किती रुंद हवा, कठडा किती उंच हवा, दार कुठल्या दिशेनं उघडायला हवं. समोर चाळीसेक माणसं. दर दोन मिनिटांनी मी विचारायची, समझ गए? आणि सगळे एका सुरात म्हणायचे, हव, म्हणजे हो. माझी गाडी जोरात चालली होती. तेव्हा शेवटच्या रांगेतून तुम्ही उठलात, हात जोडलेत आणि विचारलंत, ‘‘मैडमजी, इस हॉल का दरवाजा किधर खुलता है?’’

चाळीस माना मागे वळल्या. दार आत उघडत होतं. दुसरं दार होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते हेडमास्तर मीटिंगला गेले होते. मी सुरक्षेवर दीड तास बोलले होते आणि चाळीस माणसांना एका दाराच्या खोलीत कोंडून बोलले होते. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा घेऊन माझ्या टेबलाशी आलात. ‘‘रागावली का पोरी? यादीत तुयं आडनाव वाचलं. तू तं आपल्याच तिकडची हायेस. माहे वडील गोंदियाहून रेल्वेत आले होते इथं.’’ आणि मी काही म्हणायच्या आत, ‘‘तू सांगते ते सारं बरोबर हाय. पण हे लोक हव म्हणून राहिले ना, त्याच्यावर जाऊ नको. आम्ही साहेबाले हवच म्हणतो. काम हातानं करून घे, तोंडानं घेऊ नको.’’

चाळीस जणांसमोर माझं हसं केलंत म्हणून मी पुढचे दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पडदा गुंडाळला आणि सगळ्यांना घेऊन त्या शाळेच्या गच्चीवर गेले. तुम्ही मागून आलात, तोंडावर काही न दाखवता. पण डोळे हसत होते, ते मी पाहिलं. त्यानंतर प्रत्येक तुकडीला शिकवायला मी तुम्हाला सोबत बोलावत गेले.

पुढे कळलं की तुम्हाला या विषयाची एवढी तळमळ काहून होती. बघा, ‘काहून’ लिहून गेले. तुमच्याबद्दल लिहायला बसलं की तुमचेच शब्द येतात. तुमच्या शाळेत मागच्या जिन्याला चॅनेल गेट होतं, ओढून बंद करायचं लोखंडी जाळीचं. पंखे, टेबलं, सामान चोरीला गेलं की जबाब भृत्याला द्यावा लागतो, म्हणून वर्षानुवर्षं तुम्ही ते गेट शाळेच्या वेळातही कुलूप लावून ठेवायचात. किल्ली कमरेला. एक दिवस दुपारी वरच्या मजल्यावरच्या स्विचबोर्डातून धूर निघाला. मुलं मागच्या जिन्यानं धावली. गेट बंद. आणि तुम्ही गोल बाजारात, शाळेसाठी घागर घ्यायला गेलेले. धूर आपोआप थांबला म्हणून वाचलो, तुम्ही सांगायचात. गर्दीत एका मुलीचं मनगट जाळीत अडकून मोडलं, तेवढ्यावर निभावलं. तुम्हाला कोणी शिक्षा केली नाही, कारण चूक कोणाच्या लक्षातच आली नाही. गेट बंद ठेवणारा भृत्य म्हणजे इमानदार भृत्य.

ही गोष्ट तुम्ही प्रत्येक तुकडीला स्वतःहून सांगायचात, स्वतःच्या नावासकट. मी एकदा म्हटलं होतं, ‘‘काका, दुसऱ्या कुठल्या शाळेत झालं असं सांगा ना. लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘दुसऱ्याची सांगितली तं ते हव म्हणतीन. माही सांगितली तं किल्ली चाचपून पाहतीन.’’ आणि खरंच, तुमची गोष्ट ऐकताना माणसांचे हात कमरेकडे जायचे. मी मोजून बघितलं नाही, पण मला ते दरवेळी दिसायचं.

तुम्ही शिकवलंत तसं मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. तुम्ही इंजिनियरला शेवटी बोलवायचात आणि झाडूवालीला आधी. एका शाळेत तुम्ही झाडणाऱ्या बाईंना विचारलंत, ‘‘माई, सुबह झाड़ू मारती हो तो कौन से कमरे में रोज वही कचरा वहीं मिलता है?’’ ती एक क्षणही न थांबता म्हणाली, चार नंबरच्या खोलीत, खिडकीपाशी, पांढरी भुकटी. आम्ही वर पाहिलं. छताचं प्लास्टर फुगलं होतं. मी त्याच महिन्यात त्या खोलीत तपासणीसाठी जाऊन आले होते आणि माझ्या कागदावर ‘संतोषजनक’ लिहिलेलं होतं. तेव्हापासून तुमचा खडूचा गोल सुरू झाला. जिथे भुकटी दिसेल तिथे झाडून घ्यायचं, फरशीवर खडूनं गोल काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचं, गोलात पुन्हा काही पडलं का. ना यंत्र, ना फॉर्म. शाळेत खडूला काय तोटा.

आणि ते अग्निशामक सिलिंडर. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आपण शाळा बघत फिरलो तेव्हा सहापैकी चार शाळांत ते लाल सिलिंडर हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद, प्लास्टिकच्या वेष्टनात, वर हळदकुंकू आणि वाळलेला झेंडूचा हार. अवजारांची पूजा करताना त्याचीही केलेली. मी डोक्याला हात लावला. तुम्ही मात्र हार सरळ केलात आणि हेडमास्तरांना म्हणालात, पूजा की है तो अब भगवान को बाहर बिठाइए, बच्चों को दर्शन होना चाहिए. ते बिचारे लाजले आणि त्याच दिवशी सिलिंडर व्हरांड्यात खिळ्याला लागलं. मी एकटी असते तर नोटीस काढली असती आणि सिलिंडर कपाटातच राहिलं असतं.

एक मजा आठवते. हजेरीच्या कागदावर रकाने दोनच, प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी. प्रशिक्षक म्हणून भृत्याचं नाव घालता येत नव्हतं. तुम्ही दरवेळी प्रशिक्षणार्थी म्हणून सही करायचात. मग एक दिवस माझ्या टेबलावर चौकशीचा कागद आला, सदर कर्मचाऱ्यास तेच प्रशिक्षण वारंवार का द्यावे लागत आहे याचा खुलासा करावा. मी भडकले. तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. ‘‘लिहून दे ना, या भृत्याच्या डोक्यात काही घुसतच नाही म्हणून.’’ मी शहाण्यासारखा गोलमोल खुलासा लिहिला. आज वाटतं, खरं लिहायला हवं होतं. तुम्ही होतात तोवर लिहायला हवं होतं.

घरी काकूंची वेगळीच तक्रार. ‘‘गावभरच्या शाळा पाहत फिरते, पण घरच्या मोरीचं प्लास्टर काही याले दिसत नाही.’’ तुम्ही म्हणायचात, तिथं गोल काढला हाय, पाहून राहिलो. दोन वर्षं पाहत होतात. मागच्या आठवड्यात मी मिस्त्री घेऊन गेले आणि करून घेतलं. काकू म्हणाल्या, आता कोणाले बोलू मी. मग आम्ही दोघी मोरीच्या दारात उभ्या राहून रडलो, आणि मिस्त्री बिचारा थापी हातात धरून तसाच थांबला.

आता आपल्या भांडणाबद्दल. तेच राहिलंय.

प्रशिक्षणाची छोटी पुस्तिका निघायची होती आणि मजकूर मी लिहीत होते. तुम्हाला त्यात एक वाक्य हवं होतं. छतातून, भिंतीतून, बोर्डातून धोका दिसला तर भृत्यानं किंवा सफाईवालीनं कोणालाही न विचारता ती खोली बंद करावी, मागून कळवावं. मी म्हटलं, हे लिहिता येणार नाही. खोली धोकादायक आहे हे ठरवायचं काम इंजिनियरचं. उद्या कोणीही उठेल, दोरी बांधेल आणि वर्ग बंद करेल. तुम्ही म्हणालात, ‘‘अन् इंजिनियर केव्हा येईन? तू चांगली हायेस, पंधरा दिवसांत येते. तोवर पोट्टे त्याच खोलीत बसतीन ना?’’ मी म्हटलं, त्यांनी हेडमास्तरांना सांगावं. तुम्ही म्हणालात, ‘‘झाडूवालीनं सांगितलं तं तिचं कोन ऐकते? ऐकत असते तं मले हे वाक्य काहून पाहिजे होतं?’’

हे भांडण सहा महिने चाललं. माझ्या स्कूटरच्या मागे बसून सदर बाजारातल्या गर्दीत तुम्ही माझ्या कानाशी भांडायचात. त्या वाक्यासाठी तुम्ही मला नवा रायपूरला मोठ्या साहेबांकडेही घेऊन गेलात, म्हणजे नेलं मीच, पण हट्ट तुमचा. त्या रुंद मोकळ्या रस्त्यांवर उन्हात माझी स्कूटर एकटीच. साहेबांनी ऐकून घेतलं, छान छान म्हटलं आणि मजकूर माझ्यावर सोडला. म्हणजे आता अडवणारी मीच एकटी होते. परत येताना माझंच मन मला खात होतं, म्हणून मीच चिडले. पेट्रोल पंपावर उभी असताना म्हणाले, ‘‘काका, तुम्हाला जे कळतं ते मला मान्य आहे. पण तुम्ही इंजिनियर नाही आहात.’’

तुम्ही म्हणालात, ‘‘नाही जी. मी भृत्य हाय.’’ आणि हसलात. पहिल्यांदाच मला ‘जी’ लावलंत, आजूबाजूला ओळखीचं कोणी नसताना. मला ते लागलं. माफी मागायची असं घरी पोचेपर्यंत ठरवलं होतं. मग पुढच्या आठवड्यात भेटू तेव्हा, मग पुस्तिकेचं काम संपलं की. तुम्ही माझ्यासाठी थांबला नाहीत. काकूंचा फोन आला तेव्हा मी कुठल्याशा शाळेत कठड्याची उंची मोजत होते, हातात टेप तसाच उघडा.

तर काका, फूलबाईची गोष्ट. तुम्ही गेल्यानंतर अकराव्या दिवशीची. तुम्हाला ती आठवत असेल. शहराच्या कडेच्या प्राथमिक शाळेतली सफाईवाली, प्रशिक्षणात तीन दिवस एक अक्षर बोलली नव्हती. सकाळी त्या शाळेच्या हेडमास्तरांचा फोन. आवाज चढलेला. सफाईवालीनं पाचवीचा वर्ग बंद केलाय, दाराला आडवी दोरी बांधलीय, कोणाचं ऐकत नाही, साठ पोरं व्हरांड्यात बसलीत, ताबडतोब या.

मी गेले. फूलबाई दारापुढे उभी होती, पदर खोचलेला, हातात झाडू. चेहरा घाबरलेला, पण पाय हलत नव्हते. आत फरशीवर खडूचा गोल, त्यात पिवळसर पांढरी भुकटी. ‘‘तीन दिन ले गिरत हे, मैडम,’’ ती म्हणाली. तीन दिवसांपासून पडतंय. मी विचारलं, हेडमास्तरांना सांगितलं होतंस? सांगितलं होतं, दोनदा. मग बंद करायला कोणी सांगितलं? तिनं खाली बघत उत्तर दिलं, ‘‘कका कहे रिहिस. पहिली बंद कर, पाछू पूछ.’’

काकांनी सांगितलं होतं, आधी बंद कर, मागून विचार. म्हणजे मी पुस्तिकेत येऊ दिलं नाही ते वाक्य तुम्ही माझ्या पाठीमागे शिकवून टाकलं होतंत. जेवणाच्या सुट्टीत, डब्यावर, एकेकीला गाठून. मला तिथे व्हरांड्यात तुमचा भयंकर राग आला, आणि रागावायला तुम्ही नव्हतात.

मी शिडी मागवली आणि वर चढले. सगळं छत हातोडीनं ठोकून पाहिलं, इंच इंच. आवाज भरीव. भेग नाही, फुगवटा नाही. भुकटी येत होती ती एका लाकडी पट्टीतून. कधीतरी पंधरा ऑगस्टच्या पताका बांधायला बीमवर ठोकलेली पट्टी, तिला भुंग्यानं पोखरलं होतं. लाकडाचा भुसा, त्यात चुन्याचे कण. धोका काही नव्हता.

मी खाली उतरून सांगितलं. हेडमास्तर जिंकल्यासारखे हसले. ‘‘देखा मैडम? निकला कुछ नहीं. आधा दिन गया. अब हर सफाईवाली इंजीनियर बनेगी क्या?’’

काका, ते माझंच वाक्य होतं. पेट्रोल पंपावरचं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते कसं लागतं ते कळलं. फूलबाईनं मान खाली घातली होती. तिचा हात दोरीच्या गाठीकडे गेला. मी त्या वेळी नुसती गप्प राहिले असते तरी पुरे होतं. तिनं गाठ सोडली असती आणि पुन्हा कधी बांधली नसती. बाकीच्या शाळांतल्या बायांपर्यंतही संध्याकाळपर्यंत बातमी पोचली असती. तुम्ही इतकी वर्षं जे केलंत ते सगळं त्या गाठीपाशी येऊन थांबलं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघत होतं.

मी म्हटलं, ‘‘सर, कुछ नहीं निकला, ये जानने के लिए कमरा बंद करना ही पड़ता है. मुझे भी ऊपर चढ़े बिना नहीं पता था.’’ मग शाळेचं तपासणी रजिस्टर मागवलं आणि त्यात लिहिलं, सफाई कर्मचारी फूलबाई यांनी तीन दिवस निरीक्षण करून वर्गखोली बंद केली, त्यांनी योग्य केले, खोली बंद करण्यासाठी त्यांना कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती. हिंदीत लिहिलं, मोठ्या अक्षरात, खाली माझी सही आणि पद. हेडमास्तरांनी दोनदा वाचलं. फूलबाईला मी वाचून दाखवलं. तिनं नुसतं ‘हव’सुद्धा म्हटलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर पुस्तिकेत तुमचं वाक्य घातलं, तुम्ही बोलला होतात तसंच. वर जाईल तेव्हा साहेब खोडतील कदाचित. खोडलं तर मी परत लिहीन. तुमच्याशी सहा महिने भांडल्यावर त्यांच्याशी भांडायला मला काही जड नाही. तुम्ही बरोबर होतात, काका. मी चुकले होते, आणि बोलले ते तर फारच चुकले होते. हे तुमच्या तोंडावर सांगायला मिळालं नाही याचं दुःख राहणारच आहे. पण तुमच्याबरोबर काम केलं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा मान आहे, आणि तो कुठल्या कागदावर नसला तरी मी तो सगळीकडे सांगत फिरणार आहे.

त्या सकाळचं एवढंच सांगायचं उरलंय. रजिस्टर मिटल्यावर हेडमास्तर म्हणाले, तो अब बच्चों को बिठा दें? आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी फूलबाईकडे बोट दाखवलं. ती गोंधळली. मग तिनं पदर पुन्हा खोचला, दोरीखालून वाकून एकटी आत गेली. पोखरलेली पट्टी खाली काढून ठेवली होती, ती उचलून पाहिली. झाडूच्या दांड्यानं बीमला तीन ठिकाणी ठोकलं, कान देऊन ऐकलं. माझ्या हातोडीनं एकदा ऐकून झालेलं तिनं पुन्हा ऐकलं. घाई केली नाही. तोवर साठ मुलं, हेडमास्तर आणि मी, आम्ही सगळे दाराबाहेर उभे होतो. मग ती आली, गाठ सोडली, दोरी हाताला गुंडाळली आणि म्हणाली, ‘‘अब आवव.’’

मग आम्ही आत गेलो.